एक कामाचा, एक आरामाचा

पंप दुरुस्त झाला की त्याची गोष्ट संपते. रिपोर्ट भरला, सही घेतली, पुढचं गाव. पण तो दुरुस्त करायला गेलेल्या माणसाचं वाटेत, लॉजवर, गेटवर जे काही होतं, ते संपत नाही. ते आमच्या कंपनीसमोरच्या टपरीवर साठत जातं. मी सर्व्हिस डिपार्टमेंटला लागले तेव्हा वाटलं होतं, इथे पंप शिकायला मिळतील. शिकलेही. पण एवढ्या वर्षांत काय जमवलंस असं कुणी विचारलं, तर मला आधी किस्सेच आठवतात.

आमची कंपनी अंबरनाथच्या एमआयडीसीत. बाहेरगावी फिरणारे आम्ही तिघं. एक मी, राहणार बदलापूर पूर्व. दुसरा नीलेश भोईर, कंपनीला लागूनच असलेल्या मोरिवली गावातला. आणि तिसरे आमचे पाटणकर साहेब, रिटायरमेंटला आलेले, शांत, बोलायचे कमी. महिन्यातले निम्मे दिवस आम्ही कुठल्या ना कुठल्या कारखान्यावर असायचो.

आज सांगते ते सगळं एकाच गोष्टीवरून झालेलं आहे. आम्ही तिघांनी प्रवासात गेम खेळायला म्हणून दुसरा लॅपटॉप घेतला, त्याची गोष्ट.

* * *

सुरुवात भोईरच्या गायींपासून झाली.

मोरिवलीत त्याच्या आजोबांची भाताची खाचरं होती. आता तिथे कारखान्याची कंपाउंड वॉल आहे. भोईरला शेतीतलं काही येत नाही, पण लॅपटॉपवर त्याचं एक शेत होतं. नांगरायचं, पेरायचं, गायींना चारा घालायचा, असा तो गेम. कंपनीच्या लॅपटॉपवरच टाकलेला. लॉजवर संध्याकाळी दुसरं करणार काय? टीव्हीला दोन चॅनल, जेवायला तीच शेवभाजी, आणि बाहेर फिरावं तर हायवे.

वापीकडच्या एका पेपर मिलमध्ये पंप बंद पडला होता. मिलचे मोठे मॅनेजर, त्यांचे इंजिनिअर, सगळे कॉन्फरन्स रूममध्ये बसलेले. भोईर प्रोजेक्टर लावून पंप का बंद पडला ते समजावत होता. तेवढ्यात भिंतीवर, पंपाच्या चित्राच्या बरोबर मधोमध, एक चौकोन उघडला. त्यात एक गाय, आणि खाली ठळक अक्षरात: युअर काऊज आर हंग्री.

भोईर सांगतो, त्या खोलीत एसीचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. बटणं दाबून चौकोन जाईना. शेवटी मॅनेजर शांतपणे म्हणाले, "पहले गाय को खिला दो. पंप तो वैसे भी बंद है."

त्याने सगळ्यांसमोर चारा घातला.

* * *

पुढच्याच आठवड्यात आयटीवाल्यांनी आमचे लॅपटॉप काढून घेतले आणि परत दिले तेव्हा त्यात कामाशिवाय काहीही उघडत नव्हतं. माझा गेम ट्रक चालवायचा. माल भरायचा, घाट उतरायचा, दुसऱ्या शहरात पोचवायचा. तोही गेला. मग टपरीवर ठरलं की प्रत्येकाने आपापला दुसरा लॅपटॉप घ्यायचा. हलका, पिशवीत मावेल असा, आणि फार भारी गेम नाही, पण आमचे एवढे तरी चालतील असा.

भोईर लगेच ग्राफिक्स कार्डांची नावं घ्यायला लागला. साहेब बाजूला चहा पीत उभे होते. ग्लास खाली ठेवून म्हणाले, "मलाही बघा एक."

साहेब आणि गेम! कुठला गेम, असं भोईरने विचारलं, तर म्हणाले, हलकाच आहे.

साहेबांनी मात्र लॅपटॉपची निवड पंपासारखी सुरू केली. पंप विकताना आम्ही गिऱ्हाइकाला आधी विचारतो की काम काय आहे, रोज किती वेळ चालणार, गरम झाला तर काय. साहेबांनी हेच प्रश्न आम्हाला विचारले. भोईर म्हणाला, साहेब, तसं काही नसतं, रॅम बघायची. साहेबांनी त्याला समजावलं की मोठा पंप घेऊन छोट्या कामाला लावला तर तो आवाज करतो, तापतो आणि लवकर मरतो. भोईरने मान डोलावली. त्याने काय केलं ते पुढे सांगते.

* * *

साहेबांची खरी काळजी वजनाची होती. पाठीवर एक लॅपटॉप, हातात टूलबॅग, त्यात अजून एक लॅपटॉप. झेपेल का? दुसरं कुणी असतं तर दुकानात जाऊन उचलून बघितलं असतं. साहेबांनी स्क्रॅपमधून एक छोटा इम्पेलर निवडला. म्हणजे पंपाच्या आतलं चाक, बिडाचं. साधारण लॅपटॉपच्याच वजनाचं. ते फडक्यात गुंडाळून पाठीवरच्या बॅगेत टाकलं आणि रोज घरी न्यायला आणि परत आणायला सुरुवात केली.

काही दिवसांनी गेटवरच्या वॉचमनने बॅग उघडायला लावली. आत कंपनीचं चाक. वॉचमन बिचारा घाबरला. एवढे जुने साहेब, आणि हे काय! त्याने हळूच विचारलं, हे कुठे नेताय. साहेब म्हणाले, घरी. मग? मग उद्या परत आणणार.

त्याने रजिस्टर चाळलं, आमच्याकडे बघितलं, परत साहेबांकडे बघितलं. न्यायचं आणि परत आणायचं, यात चोरी कुठे बसते ते त्याला कळेना. गेटपास तर करायलाच हवा होता. कारण काय लिहू, असं त्याने विचारलं.

साहेब विचार करून म्हणाले, "सवयीसाठी."

तसंच लिहिलं.

* * *

लॅपटॉप घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो. तिथल्या गल्ल्यांत जुना-नवा कुठलाही लॅपटॉप मिळतो, आणि भोईरचा तिथे एक ओळखीचा दुकानदार होता. लछूशेठ. सगळ्यांना साईं म्हणायचे आणि गिऱ्हाईक कितीही वेळ बसलं तरी उठवायचे नाहीत.

मी म्हटलं, मला गेम चालवून बघायचाय. शेठनी दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. मी पहिल्यावर ट्रक सुरू केला. घाटाचा रस्ता होता. वळण आलं, मी ब्रेक दाबला, आणि स्क्रीन क्षणभर अडकली. ट्रक दरीत. पुन्हा घेतला, पुन्हा दरीत. तोवर माझ्यामागे दुकानातली माणसं जमली होती. एक काका चार्जर घ्यायला आले होते, ते मला मागून सांगायला लागले की मॅडम, दुसरा गिअर ठेवा, उतारावर तिसरा कशाला. शेवटी कळलं, ते खरोखरच ट्रक चालवायचे.

शेठनी विचारलं, खरी गाडी चालवता का? मी म्हटलं, लायसन्सच नाही. सायकलीच्या पुढे गेलेच नाही.

त्यांनी पहिला लॅपटॉप बंद केला आणि दुसरा माझ्या पुढ्यात सरकवला.

"तो मॅडम, ये लो. इसमें ब्रेक टाइम पे लगता है."

तोच घेतला. अजून आहे माझ्याकडे.

* * *

भोईरचं मन मात्र वरच्या फळीवरच्या लॅपटॉपवर गेलं होतं. जाड, काळा, कीबोर्डखाली लाल, निळे, हिरवे दिवे पळणारा. शेठनी तो खाली काढला आणि त्याचा चार्जर शेजारी ठेवला. चार्जर विटेएवढा. हा पण रोज सोबत येणार, असं शेठनी त्याला हिंदीत समजावलं. साहेबांनी दोन्ही एकत्र उचलून बघितलं आणि म्हणाले, इम्पेलर याच्यापेक्षा हलका होता. भोईरने दोघांचंही ऐकलं आणि तोच लॅपटॉप घेतला.

पहिल्यांदा तो घेऊन गेला एका देवस्थानाच्या गावात. तिथल्या एका डेअरीत आमचा पंप आहे. मुक्काम भक्तनिवासासारख्या एका लॉजवर. संध्याकाळी आरती झाली, भोईरने खोलीत येऊन लॅपटॉप लावला. आता तो लॅपटॉप जोर लावायला लागला की आतला पंखा असा घोंघावतो की वाटावं विमान सुटतंय. आणि दाराला वर काच होती, त्यातून रंगीत दिवे बाहेरच्या भिंतीवर नाचायला लागले.

दार वाजलं. बाहेर लॉजचे मालक, कपाळाला गंध, हात जोडलेले. ते आत डोकावलेही नाहीत. खाली बघूनच म्हणाले की साहेब, तुमचा काय कार्यक्रम असेल तो असो, पण इथे डीजे चालत नाही.

भोईर बाजूला झाला आणि म्हणाला, या, बघा. मालक आत आले. टेबलावर लॅपटॉप, आणि पडद्यावर कोंबड्या दाणे टिपत होत्या.

मालक खुर्ची ओढून बसले. ते मूळचे शेतकरीच. भोईरने वांगी फार जवळ जवळ लावली आहेत, असं त्यांचं म्हणणं पडलं.

* * *

एकदा मला कंपनीने विमानाने पाठवलं. सिक्युरिटीला लॅपटॉप बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायचे. मी दोन ठेवले. तिथल्या बाईंनी विचारलं, दो क्यों? मला खोटं पटकन सुचत नाही. म्हटलं, एक काम का है, एक आराम का.

त्यांनी दोन्हीकडे बघितलं. हसू नव्हतंच चेहऱ्यावर. मागे रांग थांबलेली.

"आरामवाला खोलो."

उघडला. माझा ट्रक एका पंपावर डिझेल भरत उभा होता. बाईंनी जरा वाकून बघितलं आणि ट्रे पुढे ढकलला.

* * *

साहेबांनी लॅपटॉप घेतला तो सगळ्यांच्या शेवटी. पडदा मोठा, चकाकी नसलेला, कीबोर्ड आवाज न करणारा, आणि वजन इम्पेलरपेक्षा कमी. पण कुठला गेम, ते कळत नव्हतं. भोईरने पैज लावली की साहेब गुपचूप बंदुकीचा गेम खेळतात. अशी शांत माणसंच खेळतात, असं त्याचं मत.

मग नाशिकच्या एका कामावर आम्ही तिघं एकत्र गेलो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी लॅपटॉप उघडला. आम्ही दोघं डबा घेऊन मागे जाऊन उभे राहिलो. पडद्यावर बुद्धिबळाचा पट. एक चाल केली, लॅपटॉप मिटला, पोळीभाजी खायला लागले.

भोईरला धक्काच बसला. इतके महिने वजन, पंखा, पडदा आणि शेवटी बुद्धिबळ? तो म्हणाला, साहेब, हे तर फोनवर चालतं.

"फोनवर हिचा घोडा दिसत नाही," साहेब म्हणाले.

तेव्हा कळलं की समोर खेळणाऱ्या पाटणकर काकू होत्या. बदलापूर पश्चिमेला मांजर्लीतल्या घरातून, फोनवर. लग्न झाल्यापासून दोघं रात्री जेवण झालं की पट मांडायचे. साहेब फिरतीला गेले की पट बंद. मुलीने दोघांना हे नेटवरचं शिकवलं, आणि तेव्हापासून साहेब कुठेही असले तरी डाव चालूच. दिवसाला तीन-चार चाली. घाई नाही.

मी एकदा त्यांच्याकडे गेले होते तेव्हा काकूंना हा लॅपटॉपचा सगळा प्रकार सांगितला. इम्पेलर, गेटपास, उल्हासनगर. काकू गवार मोडत ऐकत होत्या.

"एवढं करून हरतातच ना," त्या म्हणाल्या.

* * *

आता ही शेवटची. ही टपरीवर भोईर सांगतो तेव्हा मी गप्प बसते, पण खरं तर ती मीच सांगायला हवी.

त्या पावसाळ्यात साहेब मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्यावर होते. गाळप बंद असतं तेव्हा तिथले पंप उघडून साफ करतात. इकडे आमच्याकडे पाऊस लागून राहिला होता. सकाळी कळलं की उल्हास नदी वर आली आहे आणि मांजर्लीत पाणी शिरतंय. साहेबांचं घर तळमजल्यावर. काकूंचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, म्हणून मुद्दाम घेतलेलं.

मी लगेच काकूंना फोन लावला. लागला नाही. तेवढ्यात साहेबांचाच फोन आला. त्यांना काकूंचा मेसेज आला होता. मी वर शिरोडकरांकडे आहे, काळजी करू नका. मला हायसं वाटलं. म्हटलं, बरं झालं.

"प्राची, ती वर नाहीये," साहेब म्हणाले. "ती घरातच आहे."

कशावरून, असं मी विचारलं. साहेबांनी सांगितलं ते असं. मेसेज आला, त्याच्यामागून काकूंची चाल आली. त्यांनी आपला वजीर उचलून सरळ साहेबांच्या वजिरासमोर आणून ठेवला होता. मागे जोर नाही, काही नाही. फुकट. मी म्हटलं, साहेब, चार माणसांत बसल्या असतील, गडबड असेल. ते म्हणाले, चार माणसांत बसली की ती उलट जास्त जपून खेळते.

मला बुद्धिबळ येत नाही. पण साहेबांचा आवाज मी ओळखते, आणि तो त्यांचा नेहमीचा नव्हता.

"मग तुम्ही मारला का वजीर?"

"नाही. कडेचं प्यादं सरकवलं."

भोईर त्या दिवशी सोनिवलीत त्याच्या मामांकडे होता. सोनिवली मांजर्लीच्याच बाजूला, आणि मामांकडे ट्रॅक्टर. मी त्याला फोन केला, उड्डाणपूल चालत ओलांडला आणि पश्चिमेला उतरले. मामा ट्रॅक्टर घेऊन उभेच होते. मागच्या ट्रॉलीत भोईर, हातात पहार. मामा एवढंच म्हणाले की पोरी, धरून बस, खालचा रस्ता दिसायचा नाही.

बिल्डिंगच्या आवारात कमरेएवढं पाणी होतं. गढूळ, आणि त्यात चपला, बादल्या, कुणाचा तरी पाट तरंगत होता. वरच्या गॅलरीतून शिरोडकर ओरडून म्हणाले की काकू तर सकाळीच मुलीकडे गेल्या, त्यांनीच फोनवर तसं सांगितलं. म्हणजे काकूंनी वरच्यांना सांगितलं मुलीकडे जाते, आणि साहेबांना सांगितलं वर आहे.

भोईरने दार ढकललं. ते इंचभर हललं आणि अडलं. आतून काहीतरी आडवं आलं होतं. आम्ही भिंतीला धरत धरत स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेलो. ग्रीलमधून आत बघितलं. काकू ओट्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. खाली पाणी, त्यात सिलेंडर हलत होता. फोन दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून त्यांनी छातीशी धरला होता.

मला बघून त्या म्हणाल्या, "अगं, एवढ्या पाण्यातून तू कशाला आलीस?"

पाणी येताना त्यांनी सामान वर ठेवायचा प्रयत्न केला होता. तेवढ्यात फ्रिज तरंगायला लागला आणि जाऊन दाराला आडवा बसला. त्यांच्याने तो हलेना. मग त्या ओट्यावर चढल्या. ज्या बाईला जिना चढवत नाही, ती ओट्यावर कशी चढली असेल, ते मी अजून विचारलेलं नाही.

मामांनी पहारीने ग्रील उचकटलं. भोईर आत उतरला आणि काकूंना त्याने आपल्या आजीला घ्यावं तसं उचलून बाहेर दिलं. मामा त्यांना सांगत होते की आये, माझ्या गळ्यात हात टाक, लाजू नको. आम्ही त्यांना ट्रॉलीत बसवलं, भोईरने आपला रेनकोट काढून त्यांच्या अंगावर घातला. ट्रॅक्टर निघाला तेव्हा काकूंनी माझा हात धरला.

"घाबरले होते गं," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांना सांगू नकोस."

मी मान हलवली. सोनिवलीच्या चढावर आलो तेव्हा पाणी मागे राहिलं. मोबाइलला रेंज आली. काकू पिशवीतून फोन काढून, रेनकोट डोक्यावर ओढून, त्याच्या आत काहीतरी करत होत्या. मला वाटलं मुलीला मेसेज करतायत. मी दुसऱ्या बाजूला वळून साहेबांना फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला.

म्हटलं, साहेब, काकू सुखरूप आहेत, आमच्याबरोबर आहेत.

ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू जावं म्हणून तेच पुन्हा ओरडून सांगितलं.

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "आत्ताच हिने माझा वजीर मारला."